वाढ नेमकी कधी थांबते? अनुताई वाघ आणि माणसाच्या घडणीचे शास्त्र

कळंबच्या माझ्या दवाखान्यात एकाच आठवड्यात ऐकलेली ही दोन वाक्ये. एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा खोकल्याने बेजार, हातात मोबाइल. मी नावाने हाक मारली, तरी त्याने मान वर केली नाही. आजी म्हणाल्या, "लहान हाय अजून डॉक्टर, त्याला काय कळतंय?" दोन दिवसांनी 58 वर्षांचे एक शेतकरी आले. मधुमेह नुकताच निघालेला. घरी साखर कशी तपासायची ते मी दाखवू लागलो, तर त्यांनी हातच जोडले. "आता ह्या वयात काय शिकायचं?"

एकाला अजून कळत नाही, दुसऱ्याला आता जमणार नाही. मग माणूस शिकतो तरी कधी? या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या शाखेला विकासाचे मानसशास्त्र म्हणतात. तिचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्यातला एक मोठा धडा आपल्या पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या एका बाईंच्या आयुष्यात आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

1920 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजे हे संशोधक मुलांशी गप्पा मारून, स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून नोंदी ठेवत होते. मुलाचे उत्तर चुकले की आपण त्याला वेडे म्हणतो. ते नेमके कसे चुकले, हे पियाजे पाहत. चार वर्षांच्या मुलासमोर बुटक्या पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. ते म्हणेल, पाणी वाढले. हे तुम्हीही घरी करून पाहा. भाकरीचे चार तुकडे केले की जास्त भाकरी मिळाली असे वाटणारे मूल मठ्ठ नसते. त्या वयातली विचाराची रीतच तशी असते. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ती बदलते, आणि मारून लवकर बदलत नाही.

पुढे 1950 साली एरिक एरिक्सन यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे मांडले. वाढ विशीत संपत नाही, प्रत्येक वयाचे स्वतःचे एक काम असते, हे त्यांचे म्हणणे. बाळाचे काम विश्वास टाकायला शिकणे, तरुणाचे 'मी कोण' हे शोधणे, आणि मध्यम वयाचे काम पुढच्या पिढीसाठी काही उभे करणे.

मोरगावची मुलगी

पियाजे मुलांशी बोलत होते, त्याच सुमारास इकडे एका 13 वर्षांच्या मुलीचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. अनुताई वाघ, जन्म 17 मार्च 1910, मोरगाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे आयुष्य तिथेच संपलेले होते. आईवडिलांनी मात्र तिला शिकवले. ती शिक्षिका झाली. पुण्यात हुजूरपागेत दिवसा शिकवायची आणि रात्रशाळेत स्वतः शिकायची. अशी ती 1937 साली मॅट्रिक झाली.

1945 साली, पस्तिसाव्या वर्षी, पुण्यातली नोकरी सोडून अनुताई बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. तिथे ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले होते. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसोरी पद्धतीवर काम केलेले. ती पद्धत चांगली, पण साहित्य महाग आणि शहरी. बोर्डीत त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे घेतले. मुले त्यावरच मोजायला आणि जुळवायला शिकली.

वस्तीतली मुले बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज आपण सहज वापरतो तो 'अंगणवाडी' शब्द या कामातून आला. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हासुद्धा शिक्षणाचाच भाग होता. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेल्यावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शाळा कुरणात, गुरांजवळ. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता अनुताईंचे वय मोजा. डोळ्यांचा त्रास असताना त्या 1961 साली, 51 व्या वर्षी, पदवीधर झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, तेव्हा कोसबाडच्या कामाचा भार त्यांच्यावर आला. 1982 साली, वयाच्या 72 व्या वर्षी, 'ग्राममंगल' ही नवी संस्था त्यांनी रमेश पानसे यांच्यासोबत उभी केली. एरिक्सन यांनी मध्यम वयाचे म्हणून जे काम सांगितले, ते स्वतःचे मूल नसलेल्या या बाई शेवटपर्यंत करत राहिल्या. 1992 साली त्या गेल्या.

मेंदूचे काय म्हणणे आहे?

पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे 90 टक्के होतो. म्हणून आजींच्या नातवाला 'काय कळतंय' हे बरोबर नाही. त्याच्याशी बोलणे हेच त्याचे खाद्य आहे, आणि मोबाइल उलट बोलत नाही. संयम आणि नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो, हे दहावी-बारावीच्या मुलांवर चिडताना आठवावे. वय वाढले की नवे शिकण्याचा वेग कमी होतो. क्षमता संपत नाही. शब्दसंग्रह तर साठीपर्यंतही वाढतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल
- दीड वर्षापर्यंत अर्थाचा एकही शब्द नसेल
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल
- कोणत्याही वयात आलेले बोलणे किंवा कौशल्य गेले असेल
- मोठ्या माणसाला ओळखीची वाट चुकत असेल, नेहमीचा हिशेब जमेनासा झाला असेल

शेवटच्या लक्षणाला 'वय झालं' म्हणून सोडू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यामुळेही असे होते आणि त्यावर उपचार आहेत.

आजींना मी सांगितले, खोकला जाईलच, पण नातवाला रोज गोष्ट सांगा आणि अंगणवाडी चुकवू नका. हाकेला वळला नाही म्हणून त्याचे कानही तपासून घेतले. त्या शेतकऱ्यांना साखर तपासणे शिकायला तीन खेपा लागल्या. चौथ्या खेपेला ते आकड्यांची वही घेऊन आले. अक्षर थोडे वाकडे होते, आकडे बरोबर होते.