पाहुण्यांची भाषा

एखादा परका माणूस मराठीत ‘भीती आत्मा खाणे’ असे म्हणाला, तर व्याकरण मोडते, पण अर्थ हरवत नाही. जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर याने १९७४ साली प्रदर्शित झालेल्या आपल्या चित्रपटाला असेच मोडके नाव दिले. ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ यातील क्रियापद जाणूनबुजून चुकविलेले आहे. म्यूनिकमध्ये मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मोरोक्कन कामगाराचे ते बोल.

या मोडक्या भाषेला इतिहास आहे. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांना माणसे पुरेनात, तेव्हा १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी आणि १९६३ मध्ये मोरोक्कोशी मजूरभरतीचे करार झाले. येणाऱ्यांना ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, म्हणत. (पाहुण्याला कामास जुंपण्याची ही रीत आपल्याकडे कोणास पटली नसती!) १९६४ मध्ये दहा लाखाव्या पाहुण्याचे कोलोनच्या स्थानकावर मोपेड देऊन स्वागतही झाले. काही वर्षे राबून ही माणसे परत जातील, असा हिशेब होता. मग त्यांना भाषा शिकविण्याचा खर्च कोण करणार? कागदावर असले हिशेब किती चोख दिसतात, हे सरकारी नोकरीत मी पुष्कळदा पाहिले आहे. १९७३ पर्यंत परदेशी कामगारांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. त्याच नोव्हेंबरात भरती थांबली, पण आलेली माणसे होतीच.

चित्रपटातील नायक त्यांपैकीच एक. त्याचे खरे नाव लांबलचक आहे. लोक अली म्हणतात, म्हणून तो अली. सफाईकाम करणाऱ्या एमी नावाच्या प्रौढ विधवेशी तो लग्न करतो आणि शेजारपाजार, मुले, दुकानदार, सारे पाठ फिरवितात. अली वाण्याकडे मार्गारीन मागतो. वाण्याला ते नीट कळते, तरी तो न समजल्याचा आव आणून ‘आधी जर्मन शिक’ असे सुनावतो. माझ्या मते साऱ्या चित्रपटाचे मर्म या प्रसंगात आहे. पुढे गिऱ्हाईक तुटू लागते, तेव्हा त्याच वाण्याला या जोडप्याशी गोड बोलणे सुचते. तळघरातील सामान हलवावयाचे असते, तेव्हा शेजारणींनाही अली हवासा वाटतो. तेवढ्या काळात त्याचे व्याकरण काही सुधारलेले नसते.

अखेरीस अली कोसळतो. पोटात व्रण झालेला असतो. परदेशी कामगारांत हा विकार नेहमीचाच, असे डॉक्टर एमीला सांगतो. शस्त्रक्रिया करावयाची, आणि सहा महिन्यांनी रोगी पुन्हा येथेच. एमी खाटेशी बसून त्याचा हात हातात घेते.