कोळ्यांचे सूक्ष्मछायाचित्रण

कोळ्यांच्या शरीररचनेचे तपशील सूक्ष्मदर्शक वा मॅक्रो भिंगातून मोठे करून टिपण्याचे तंत्र (पहा : कोळी, सूक्ष्मदर्शक). वर्गीकरणासाठी पूर्वी केवळ हाताने काढलेली रेखाटने वापरत; पुढे छायाचित्रे त्यांच्या जोडीला आली. वर्धन वाढते तशी स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या अंशावर येते. म्हणून फोकस किंचित सरकवत घेतलेल्या अनेक छायाचित्रांतील स्पष्ट भाग संगणकावर जुळवतात. मादीच्या जननांगातील नलिका दिसाव्यात म्हणून ते लवंग तेलासारख्या द्रवात ठेवून पारदर्शक करतात. नराचे पेडिपाल्प (मुखाजवळील, शुक्राणू-संक्रमणासाठी वापरले जाणारे उपांग) व मादीचे एपिगाइन (बाह्य जननांगाचे कठीण पट्ट) ही जाती ओळखण्याची मुख्य लक्षणे असल्याने हे तंत्र नव्या जातींच्या वर्णनात महत्त्वाचे ठरते (पहा : वर्गीकरणविज्ञान). अशा नव्या जातींपैकी, महाराष्ट्रातून २०२१ मध्ये वर्णिलेल्या ‘आयसियस तुकारामी’ या उडी मारणाऱ्या कोळ्याला २००८ च्या मुंबई हल्ल्यात वीरमरण आलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले आहे.