तुकोबांच्या माघारी जिजाई

दिंडीला शंभर वर्षं झाली, काहीतरी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. दिंडीची हकिगत बाकीचे लिहितीलच. ज्या घरातून ही पालखी निघाली त्या घरातल्या माउलीबद्दल मी लिहितो.

जिजाई म्हणजे पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक, सावकाराघरची. लोक आवलीही म्हणतात. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली, संतू नावाचा मुलगाही गेला. पुढं घराचा गाडा जिजाईनंच ओढला. तुकोबांनी भावाच्या वाट्याची कर्जखतं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कुळं सुटली, पण चूल पेटवायची होती जिजाईला. महिपतीबाबा सांगतात, तिनं स्वतः खत लिहून देऊन २०० रुपये काढले आणि मालकांना व्यापाराला धाडलं. येताना तुकोबांनी सगळा पैसा एका अडलेल्या माणसाला देऊन टाकला.

आता सांगा, कर्ज डोक्यावर असताना कोणती शेतकऱ्याची बायको गप बसंल? जिजाई बोलली. तेवढंच धरून काहीजण कीर्तनात तिच्यावर लोकांना हसवतात. पण बोलून झाल्यावर भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी पण तीच. मालक जेवल्याबिगर ती जेवत नव्हती. तिच्या पायातला काटा देवानं काढला म्हणतात, तो याच वाटेवर.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. तुकोबा वैकुंठाला गेले. जिजाईच्या पोटात तेव्हा नारायणबाबा होते. बापाचं तोंड या लेकरानं पाहिलं नाही. आपल्याकडं बाप लवकर गेलेली घरं आहेत. तिथं लेकराला बाप कोण दाखवतं? आईच. तुझा बाप असा चालायचा, असा बोलायचा, हे तीच सांगती. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, ज्ञानोबांच्या पादुका आळंदीहून घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. न पाहिलेल्या बापाला लेकानं खांद्यावर घेतलं. माझ्या मते त्या पालखीत आईच्या आठवणी पण होत्या.

आपण शिरूर तालुक्यातली माणसं न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडतो, चौफुल्याला सोलापूर रस्त्याला लागतो आणि वरवंडला पालखीला भेटतो. आदल्या मुक्कामाला यवतला गावकरी पिठलं-भाकरी वाढतात. ती भाकरी हातात आली की मला भंडाऱ्याची वाट आठवती.

आपल्या दिंडीत मालकांच्या माघारी चालणाऱ्या बाया आहेत. कुणी त्यांचे टाळ पिशवीत घालून आणती, कुणी त्यांचा पटका. विचारलं तर म्हणती, "त्यांची वारी चुकू नये म्हणून येते." त्यांच्या डोक्यावरची तुळस कुठल्याच सवाष्णीच्या तुळशीपेक्षा कमी नाही.

या अंकात जुन्या विणेकऱ्यांची, टाळकऱ्यांची नावं छापायची आहेत. माझी विनंती एवढीच, की प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याच्या घरधनिणीचंही नाव छापा. गडी वारीला गेला तेव्हा पेरणी, गुरं, लेकरं तिनंच सांभाळली, आणि तो गेल्यावर त्याची आठवणही तिनंच जपली. म्हाताऱ्या बाया आहेत तवर त्यांना विचारून घ्या.

रामकृष्णहरी.