वीतभर वाढलेला पंख आणि त्याचा टेकू

सातारा–पंढरपूर रस्त्यावरच्या म्हसवडसारख्या बाजाराच्या गावात दुकानांपुढे पत्र्याची छपरे दिसतात. काही छपरांच्या बाहेरच्या कडेला खालून तिरका दांडा देऊन तो भिंतीत टेकवलेला असतो. लहान विमानाच्या पंखाखालीही अनेकदा असाच तिरका दांडा असतो. त्याला स्ट्रट म्हणतात. दिसायला दोन्ही सारखे, पण काम उलट. छपराचे वजन दांड्याला दाबते. उडत्या विमानात हवा पंखाला वर उचलते, म्हणून तिथला दांडा ताणला जातो. मग स्ट्रट निवडताना फक्त ताणाचा विचार केला तर पुरेल का?

हा प्रश्न आपल्याकडच्या दोन विमानांच्या निमित्ताने पाहू. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना सुरू झाला. तिथल्या विमानरचनेचे प्रमुख शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले. फ्लाइंग क्लबांमध्ये पुष्पकवर अनेक वैमानिक शिकले. पुढच्याच वर्षी पुष्पकचे मोठे भावंड ‘कृषक’ आकाशात गेले. त्याचे धड रुंद होते आणि मागे आणखी एक आसन होते. १९६५ पासून सेनेने ते टेहळणीसाठी वापरले. दोन्ही विमानांचे पंख धडाच्या वर आणि खालून स्ट्रटने आधार दिलेले होते.

आता आकडे पाहा. पुष्पकच्या पंखाचे एक टोक ते दुसरे टोक हे अंतर १०.९७ मीटर, कृषकचे ११.४३ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम एक वीत वाढ! पण उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन मात्र सुमारे ६१२ किलोवरून १२७० किलोवर गेले, म्हणजे दुपटीहून जास्त.

याचा स्ट्रटवर काय परिणाम होतो? वर्गात करता येईल असे सोपे गणित मांडू. पंख धडाला बिजागरीने जोडला आहे, हवेचा उचल पंखभर सारखा आहे, स्ट्रट एका बाजूच्या पंखाच्या मध्यावर जोडला आहे आणि तो पंखाशी ३० अंशांचा कोन करतो, असे धरू. एका पंखावर विमानाचे निम्मे वजन येते आणि ते पंखाच्या मध्यावरच एकवटले आहे असे मानता येते. ३० अंशांची ज्या (साइन) निम्मी, म्हणून स्ट्रटमधला ताण बरोबर विमानाच्या पूर्ण वजनाइतका येतो. पुष्पकसाठी ६१२ किलो, कृषकसाठी १२७०. खऱ्या विमानांचे कोन आणि जागा वेगळ्या असतील, पण वजन दुप्पट झाले की ताण दुप्पट होतो हा धडा बदलत नाही.

पोलादी नळीला हा ताण फारसा जड नाही. खरी काळजी वेगळीच आहे. वरून खाली येणारा हवेचा झोत पंखाला खाली दाबतो, जमिनीवर उतरताना धक्का बसतो. अशा वेळी ताणलेला दांडा क्षणात दाबला जातो. हलक्या विमानांच्या एका प्रचलित नियमानुसार पंखाने वरच्या दिशेने वजनाच्या ३.८ पट भार सोसायला हवा, आणि उलट दिशेने त्याच्या ०.४ पट, म्हणजे सुमारे दीडपट.

दाबाने काय होते ते मुलांना खराट्याच्या हिराने दाखवा. हीर दोन्ही हातांनी ओढा, तुटता तुटत नाही. तोच हीर तराजूच्या पारड्यावर उभा धरून वरून दाबा. थोड्याच वजनाला तो मधोमध वाकतो. आता हीर अर्धा करा. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे चौपट वजन लागेल. दांडा न मोडता नुसता वाकून निकामी होतो, आणि त्याची ही ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ऑयलर या गणितज्ञाने हे १७४४ सालीच मांडले होते, विमानाच्या कितीतरी आधी.

आता पंख लांबवणाऱ्यापुढची अडचण कळते. समजा पंख १० टक्के वाढवला, वजन तेच ठेवले आणि स्ट्रटचा जोड हलवला नाही. स्ट्रटमधला ताण १० टक्के वाढतो, पण जोडाबाहेर लोंबणारा पंख लांब झाल्याने जोडापाशी पंखाच्या तुळईला वाकवणारा जोर सुमारे ३० टक्के वाढतो. म्हणून जोड बाहेर सरकवावा, तर स्ट्रट लांब होतो. लांबी १० टक्के वाढली की त्याच नळीची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे १७ टक्के घटते. जुनाच स्ट्रट जोडतुकडा लावून लांब करणे म्हणूनच घातक.

मग जाड नळी घ्यावी का? घेता येते, पण वजन आणि हवेचा अडथळा वाढतो. हिराच्या प्रयोगात दुसरा मार्ग आहे. अख्खा हीर दाबताना मधोमध दोन बोटांनी हलकेच धरा. तो अर्ध्या हिराइतका बळकट होतो! पायपर कब या प्रसिद्ध अमेरिकी विमानात स्ट्रटच्या मधून पंखाकडे गेलेली बारीक काडी हेच बोटांचे काम करते.

याच कारखान्याचे ‘बसंत’ हे पिकांवर औषध फवारणारे विमान १९७२ साली उडाले. त्याचे पंख खाली आणि स्ट्रट पंखाच्या वर. मुलांना विचारा: उडताना हे स्ट्रट ताणले जातील की दाबले जातील? आणि मग त्यांची नळी पुष्पकपेक्षा कशी असावी? उत्तर तोंडाने सांगण्याआधी प्रत्येकाच्या हातात एकेक हीर द्या.