चित्रातील वादक आणि लेखातील नाव

रायपूरच्या उत्तरेस, सरगुजा जिल्ह्यातील रामगड डोंगरात जोगीमारा ही गुंफा आहे. तिच्या छतावरील चित्रांत वृक्षाखाली बसलेला पुरुष, नर्तकी व वादक, तसेच हत्तीसह निघालेली मिरवणूक दिसते. १९१४ साली असितकुमार हालदार व समरेंद्रनाथ गुप्त यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. याच गुंफेतील ब्राह्मी लेखात सुतनुका या देवदासीवर देवदिन्न नामक 'रूपदक्षा'चे प्रेम असल्याची नोंद आहे. 'रूपदक्ष' म्हणजे चित्रकार, मूर्तिकार की अन्य कोणी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लेख व चित्रे एकाच हातची मानण्यास आधार नाही. तरीही दोहोंच्या सान्निध्यातून एक प्रश्न उभा राहतो. देवदासीला नाव आहे, रूपदक्षालाही आहे. वादक मात्र अनाम का?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या दृश्यात नर्तकीभोवतीच्या वादक स्त्रियांचे हात व वाद्ये चित्रकाराने बारकाईने रेखाटली आहेत. तथापि वैराग्याकडे वळलेल्या राजाला संसारात गुंतवू पाहणारे सुख, एवढेच त्या संगीताचे कथेतील प्रयोजन आहे. वादक येथे परिवारापुरता उरतो.

राजा रविवर्मा यांच्या १८८९च्या, आज मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेल्या चित्रात अकरा स्त्रिया परिवार न राहता स्वतःच विषय झाल्या. परंतु त्यांची ओळख पटते ती वस्त्रालंकारांवरून, म्हणजे प्रांतावरून; व्यक्ती म्हणून नव्हे. गोव्यात जन्मलेल्या भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) रविवर्म्यांच्या काही चित्रांसाठी बसल्या, असे परंपरेने सांगितले जाते. ही परंपरा ग्राह्य मानली, तर नामवंत गायिकेचाही चित्रात केवळ चेहरा उरला, नाव मोहिनीसारख्या पात्राचे झाले, असे म्हणावे लागेल. अंजनीबाईंचे स्वतःचे नाव टिकले ते कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांना दिलेल्या तालमीच्या आठवणींतून आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीने दिलेल्या अधिछात्रवृत्तीच्या नोंदीतून.

चित्र देह राखते, नाव राखण्याचे काम शब्द करतो. म्हणूनच केवळ चित्रांवरून लिहिलेला कलेतिहास संगीतकाराला 'विषय' करून थांबतो. शिलालेख, जातककथा आणि गुरुपरंपरेच्या आठवणी चित्रांशेजारी ठेवून वाचणे, हे तौलनिक साहित्याभ्यासाचे येथील खरे कार्य होय.