दाताच्या इम्प्लांटनंतर तोंडाची काळजी

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिल्याचे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. जामसर-जव्हार भागातही दातवणाची सवय जुनी आहे. मात्र इम्प्लांट बसवल्यावर जखम भरेपर्यंत त्या जागी दातवण लावू नये. तंबाखू आणि मिश्री तर पूर्ण बंदच हवी.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, हाड नीट धरत नाही आणि खर्च केलेला पैसा वाया जातो.

पहिले २४ तास : जोरात चूळ भरू नका, थुंकू नका. जखमेवरची रक्ताची गुठळी निघता कामा नये. गालावर बाहेरून बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी धरा. गार केलेली पेज, मऊ भात घ्या.

दुसऱ्या दिवसापासून : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून ३-४ वेळा हलकेच चूळ भरा. बाकीचे दात मऊ ब्रशने घासा. औषधे मध्येच सोडू नका. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवा.

रक्त थांबत नसेल, पू किंवा ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, तर थांबू नका. दातांचे डॉक्टर दूर शहरात असतील तर त्यांना फोन करा आणि तोवर जामसरचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठा.