फुगडी घालावी, झिम्मा खेळावा : कोरियन क्रीडाशब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत फुगडी घालतात, झिम्मा खेळतात, जोर काढतात, बैठका मारतात, सूर्यनमस्कार घालतात आणि विहिरीत सूर मारतात. कुठे कोणते क्रियापद का, याचे कारण आपल्याला सांगता येत नाही. पण परक्या माणसाने ‘फुगडी मारली’ म्हटले की ते कानाला लगेच खटकते. खेळ आणि व्यायाम यांच्या कोरियन शब्दांकडे जाताना मराठी वाचकाने ही शिदोरी बरोबर ठेवावी. ती आपल्याकडे घरचीच आहे आणि तिथे पावलोपावली उपयोगी पडते.

कोरियन माणूस टेनिस, बॅडमिंटन, गोल्फ आणि बिलियर्ड्स ‘छिदा’ करतो. छिदा म्हणजे ठोकणे, मारणे. पियानो आणि ढोल याच क्रियापदाने वाजतात, आणि ह्वाथू नावाचे फुलाफुलांचे पत्तेही ‘छिदा’नेच खेळले जातात. दुसरे क्रियापद ‘थादा’, म्हणजे स्वार होणे. घोडा, सायकल, बस इथपर्यंत आपल्याला नवल वाटत नाही. पण स्की, स्केट्स, बर्फावरची घसरगाडी आणि झोपाळा यांवरही कोरियन माणूस स्वारच होतो. उरलेल्या बहुतेकांना ‘हादा’ म्हणजे करणे चालते : फुटबॉल, पोहणे, योग. बेसबॉलमध्ये बॅटने चेंडू सडकून काढतात, तरी त्या खेळाला ‘छिदा’ लागत नाही, ‘हादा’च लागतो. टेबल टेनिसला मात्र दोन्ही चालतात. म्हणून नुसत्या नामांच्या याद्या पाठ करण्याला माझा विरोध आहे. ‘टेनिस’ एकटा शिकू नये, ‘थेनिसुरुल छिदा’ असा जोडीने शिकावा. आधी कर्म, मग क्रियापद, हा क्रम मराठीसारखाच असल्यामुळे ही जोडी आपल्या जिभेवर चटकन बसते.

इथे लिप्यंतराविषयी एक खुलासा. महाप्राण व्यंजने इंग्रजी भाषकाला वेगळी ओळखायला शिकावे लागते. आपल्याला ख, छ, थ, फ मुळाक्षरांतच मिळाले आहेत. साधी व्यंजने मात्र शब्दारंभी अघोष आणि स्वरांच्या मध्ये सघोष ऐकू येतात, त्यामुळे ‘दोन’ला कोणी ‘तुल’ म्हणेल, कोणी ‘दुल’. यांशिवाय घशात ताण देऊन उच्चारायची तिसरी जात आहे. ती लिहून दाखवता येत नाही, त्यासाठी कानच तयार करावा लागतो.

महाराष्ट्रात ज्यांची मुले तायक्वांदोच्या वर्गाला जातात, त्यांच्या घरात या शब्दांपैकी काही आधीच येऊन बसले आहेत. ‘हाना, दुल, सेत’ हे आकडे लाथा मोजण्यापुरते नाहीत; वय, तास आणि वस्तू मोजायलाही तेच लागतात. सामन्याचे गुण सांगताना आणि मिनिटे मोजताना मात्र चिनी मुळाचे ‘इल, ई, साम’ येतात. ‘चुन्बी’ ही फक्त मुठी आवळून उभे राहण्याची आज्ञा नाही. परीक्षेची, प्रवासाची, जेवणाची तयारीही चुन्बीच. ‘सिजाक’ने चित्रपटही सुरू होतो आणि शाळेचा तासही. मुलाला हे एकदा सांगून पाहावे. वर्गात ओरडलेली आज्ञा ही एका जिवंत भाषेतला रोजचा शब्द आहे, हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलतो.

माझ्या मते या क्षेत्राचा सर्वांत सुंदर भाग म्हणजे ‘गी’ने संपणारे शब्द. क्रियापदाच्या धातूला ‘गी’ लावले की आपल्या ‘-णे’सारखे नाम तयार होते, आणि मैदानावरचे कितीतरी शब्द असेच घडले आहेत. ‘चुल’ म्हणजे दोर. तो ओढणे म्हणजे ‘चुल्दारिगी’, आपली रस्सीखेच. ‘मॉल्लित्विगी’ म्हणजे लांब उडी, ‘नोफित्विगी’ म्हणजे उंच उडी. ‘इऑदाल्लिगी’ म्हणजे जोडून जोडून धावणे, अर्थात रिले शर्यत. जोर काढण्याला तर हात वाकवणे आणि सरळ करणे असा अख्खा वर्णनात्मक शब्द आहे : ‘फाल्गुफ्यॉफ्यॉगी’. तो एका दमात म्हणता येऊ लागला की उच्चाराचाही थोडा व्यायाम झाला असे समजावे.

दुसरा थर चिनी मुळाच्या शब्दांचा. ‘गु’ म्हणजे चेंडू. लाथेचा तो ‘छुक्कु’ म्हणजे फुटबॉल, टोपलीचा तो ‘नोंगगु’ म्हणजे बास्केटबॉल, मेजावरचा तो ‘थाक्कु’, आणि चुकवायचा तो ‘फीगु’, म्हणजे चेंडूचा मार चुकवत खेळायचा शाळकरी खेळ. ‘यागु’ म्हणजे मैदानी चेंडू, बेसबॉल. हे नाव जपानमध्ये 1894 साली छूमान कानाए यांनी सुचवले आणि त्याची चिनी चिन्हे कोरियाने आपल्या उच्चारात वाचली. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या अमलाखाली होता. राज्य गेले, शब्द राहिला.

याच थरातला ‘उन्दोंग’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. उन्दोंग म्हणजे व्यायाम. ‘उन्दोंगजांग’ म्हणजे शाळेचे मैदान, ‘उन्दोंगह्वा’ म्हणजे खेळाचे बूट. पण 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्ध कोरियन जनता रस्त्यावर उतरली, ती ‘सामिल उन्दोंग’. तिथे अर्थ होतो चळवळ. मराठीत ‘चळणे’पासून ‘चळवळ’ निघाली आणि ती राजकारणात गेली. कोरियन शब्द मात्र दोन्ही ठिकाणी नांदतो. शरीर हलवणे आणि समाज हलवणे, दोन्हींना एकच नाव.

तिसरा थर इंग्रजीतून आलेला. जिमला ‘हेल्सुजांग’ म्हणतात, ‘हेल्थ’ची जागा. ट्रेडमिल म्हणजे ‘रनिंग मशीन’, आणि खेळाडूला हुरूप द्यायला ‘फाइथिंग!’ ही आरोळी. हे शब्द ऐकताक्षणी कळतात, म्हणून त्यांवर इथे रेंगाळत नाही.

ते सरसकट वापरतो तो दक्षिण कोरिया. उत्तरेने अनेक ठिकाणी देशी शब्द घडवले. दक्षिणेत गोलकीपरला ‘गोलखिफॉ’ म्हणतात, उत्तरेत ‘मुन्जिगी’, म्हणजे द्वारपाल. कॉर्नर किकला उत्तरेत ‘कुसॉक्छागी’, म्हणजे कोपऱ्यातली लाथ. बाळ ज. पंडितांचे क्रिकेट समालोचन ऐकत यष्टिरक्षक, पायचीत, षटकार हे शब्द आपलेसे केलेल्या मराठी माणसाला यामागची ओढ समजावून सांगावी लागत नाही. 2018 च्या प्योंगछांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन्ही देशांचा महिला आइस हॉकीचा संयुक्त संघ उतरला, तेव्हा एकच भाषा बोलणाऱ्या खेळाडूंना खेळातले शब्द एकमेकींना कळावेत म्हणून यादी करून द्यावी लागली.

आता ‘स्सिरुम’, कोरियन कुस्ती. लाल मातीच्या आखाड्यात वाढलेल्या वाचकाने इथूनच आत शिरावे, असा माझा आग्रह आहे. मल्ल वाळूच्या रिंगणात उतरतात. कमरेला आणि मांडीला ‘सात्पा’ नावाचा कापडी पट्टा बांधलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्याचा पट्टा पकडूनच लढायचे असते. गुडघा किंवा त्यावरचा शरीराचा कोणताही भाग वाळूला टेकला की डाव गेला. आपल्याकडे गदा, तसा तिथे परंपरेने बैल मिळे. सर्वोच्च किताब ‘छॉन्हाजांगसा’, म्हणजे आकाशाखालच्या साऱ्या जगातला बलवान. पुरुषांच्या वजनगटांना डोंगरांची नावे आहेत : सर्वांत जड गट पेक्तू, मग हाल्ला, कुमगांग आणि थेबेक. यांपैकी पेक्तू आणि कुमगांग हे डोंगर आज उत्तर कोरियात आहेत, तरी दक्षिणेचे मल्ल त्यांच्या नावाने किताब जिंकतात. 2018 मध्ये युनेस्कोने स्सिरुमला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, ते उत्तर आणि दक्षिण यांचा एकत्रित वारसा म्हणून. त्या नोंदीत रोमन लिपीतली दोन वेगळी स्पेलिंगे तिरप्या रेषेने शेजारी शेजारी लिहिली आहेत, एक उत्तरेचे, एक दक्षिणेचे. कोरियन लिपीत मात्र दोन्हीकडे हा शब्द एकाच तऱ्हेने लिहितात.